घरून आलेले लाडू

पुणे
९ फेब्रुवारी १९८७

प्रिय आक्का,
जयभीम.

पेपरातला माझा फोटो तू कापून भिंतीला लावलास, असं दाजींनी लिहिलं होतं. तो काढून ठेव. फाडू नको, पण काढून ठेव.

डिसेंबरातल्या मोठ्या शर्यतीत मी दुसरा आलो, तेव्हा पहिल्या तिघांना बाजूला घेऊन बाटलीत लघवी मागितली होती. तेव्हा मला हसू आलं होतं. ती बाटली दिल्लीला गेली आणि आता तिकडून कागद आलाय की माझ्या लघवीत स्ट्रिक्निन नावाचं औषध सापडलं. अंगात जोर आणतं म्हणून शर्यतीत त्याला बंदी आहे. म्हणजे मी लबाडी करून पळालो. दोन वर्षं कुठल्याच शर्यतीत उतरायचं नाही.

कंपनी मला मशीनवर बसवत नाही, सायकल चालवण्याचाच पगार देते, हे तुला माहीत आहे. सायकल बंद झाली तर पगार कशाचा? आमचे साहेब म्हणाले, अपील कर, निकाल लागेपर्यंत तुझं नाव काढत नाही. म्हणजे आता सगळं त्या अपिलावर आलं. औषध माझ्या पोटात कसं गेलं हे मी पटवून द्यायचं, आणि मलाच ते ठाऊक नाही.

माझ्या खोलीत महालिंगप्पा राहतो, अक्कलकोटकडचा, आमच्याच संघातला. त्या शर्यतीत तो फार मागं पडला. माझी पाण्याची बाटली त्यानंच भरली होती. उगाच कुणाचं नाव घेऊ नये, पण मग दुसरं कोण?

वकील म्हणाले, शर्यतीच्या आधी काय काय खाल्लं ते सगळं आठवा. खाणावळीची पोळी, अंडी, केळी आणि घरून आलेले शेंगदाण्याचे लाडू. तेवढ्यासाठी विचारतो, लाडवात तू काही वेगळं घातलं नव्हतंस ना? रागावू नको. आणि आबांना यातलं काही सांगू नको.

तुझा
मच्छू


येडशी
१७ फेब्रुवारी १९८७

चि. मच्छिंद्र यास,

लाडवात मी शेंगदाणे घातले आणि गूळ घातला. आणखी काय घालणार, माणिक-मोती? इथं प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघावी लागते. रामलिंगची माकडं डोंगर सोडून स्टेशनवर येतात आणि नळाला तोंड लावून बसतात. दाजी रुळांचे पॉइंट बदलायला जातात तेव्हा एका हातात झेंडी आणि एका हातात माकडं हाकायची काठी. अशात शेंगा कुठून मिळवल्या ते माझं मला माहीत. आणि तू विचारतोस, काय घातलंस.

लाडू करून मी डबा आबांच्या हातात दिला. ते बेंबळीला घेऊन गेले, घरी ठेवला, मग उस्मानाबादच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीच्या कंडक्टरला दिला. आता कंडक्टरनं काही घातलं म्हणतोस का?

रागावू नको म्हणालास, पण मी रागावले आहे. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. इतकी वर्षं तू सायकलवर झिजलास ते मी डोळ्यांनी बघितलंय. आबांच्या मालकाची, हिंमतरावांची, पेंडीची पोती लादायची ती जड सायकल तू नऊ वर्षांचा असताना नळीखालून पाय घालून चालवायचास. तुला लबाड म्हणणाऱ्याच्या तोंडात किडे पडोत.

त्या महालिंगप्पाचं मात्र सबूर धर. डोळ्यांनी बघितलं नाहीस. चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायला नको.

आबांना सांगू नको म्हणालास, पण ते रविवारी आले आणि भिंतीवरचा फोटो कुठं गेला म्हणून विचारत बसले. सांगावं लागलं. मला वाटलं, हाय खातील. तर ऐकून काय म्हणाले असतील? "औषध घावलं व्हय? दिल्लीच्या मान्साला घावलं? मंग लई अंगी लागलं म्हनायचं!" आणि एक भाकरी जास्त खाऊन झोपले. म्हातारपणी माणूस कशानं खूश होईल सांगता येत नाही. मी तर कपाळाला हात लावला.

आक्का


पुणे
२६ फेब्रुवारी १९८७

प्रिय आक्का,

तुझं पत्र उशिरा आलं. त्याच्या आदल्या दिवशीच मी अपील देऊन आलो आणि त्यात महालिंगप्पाचं नाव घातलं. त्यानं खाट उचलून दुसऱ्या खोलीत नेली. भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं.

पण तुझ्या पत्रातला आबांचा तो शब्द माझ्या डोक्यातून जात नाही. अंगी लागलं. आबा असं कधी म्हणायचे आठवतं का तुला? हिंमतरावांच्या बैलांना शर्यतीच्या आधी गोळा भरवायचे आणि बैलाच्या अंगावर काटा आला, कान ताठ झाले की म्हणायचे, लागलं अंगी.

आणखी एक. तुझ्या लाडवावर तुझ्या बोटांचा ठसा असतो. लहानपणापासून बघतोय, एका बाजूनं दबलेला असतो. या वेळचे लाडू तसे नव्हते. लांबट होते, घट्ट वळलेले. आणि कडू होते आक्का, जिभेवरून उतरत नव्हते. मी म्हटलं, यंदा दुष्काळ, शेंगा खवट निघाल्या असतील, तुला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाही. पाण्याबरोबर खाऊन डबा संपवला.

आबांना नीट विचार. माझी शंका खोटी निघावी.

मच्छू


येडशी
८ मार्च १९८७

प्रिय मच्छू,

बेंबळीला जाऊन आले. शंका खोटी नाही.

आबा दारात बसून दोर वळत होते. मी विचारलं, लाडवात काय घातलंत? लपवलं नाही, वर बघून म्हणाले, "कुचला. तुझं लाडू फोडलं, कुचला मिसळला आन् पुन्हा वळलं. कमी पडला का काय?" मी म्हटलं, अहो ते काजऱ्याचं बी, विष असतं ते. तर माझ्यावरच डाफरले. "इख हाय ते मला सांगती? गोमूत्रात भिजीवला, तुपात तळला, कुटून वस्त्रगाळ केला. बैलाला देतो त्याच्या चौथाईबी न्हाय. बारा वर्सं हिंमतरावाचं बैल म्या पळीवलं, एक बैल मेला का माज्या हातनं?"

मी तिथंच भिंतीला टेकून बसले. मग त्यांना सगळं उलगडून सांगितलं, की जे सापडलं ते हेच, याच्यामुळंच मच्छूला बसवलंय. त्यांना ते कळेना. म्हणाले, "शर्यतीच्या जनावराला खुराक देत्यातच की. समद्यांनीच दिला आसंल. त्यांचा घावला न्हाय, आपला घावला." आणि मग दोर बाजूला ठेवून म्हणाले, "केशर, जल्मभर दुसऱ्याचं बैल पळीवलं. आपलं पळनारं एकच व्हतं. त्येला कसं कमी करू?"

मी तो दोर गुंडाळून खुंटीला अडकवला.

त्यांच्या नुसत्या शब्दावर कोण विश्वास ठेवील म्हणून मी हिंमतरावांकडे गेले. आता ते कारखान्याचे चेअरमन आहेत, बैठकीत बसतात. भिंतीवर शर्यतीच्या ढाली अजून आहेत, चिंच लावून घासलेल्या. मी म्हटलं, आबा तुमच्या बैलांना कुचला द्यायचे एवढंच लिहून द्या, माझ्या भावाचं अपील आहे. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "पोरी, माझे बैल घरच्या पेंडीवर पळाले. तुझा बाप बब्रुवान वैरणपाणी करायचा, औषधाचं मला काही माहीत नाही." ढाली त्यांच्या डोक्यावरच होत्या. चहा मी अर्धा सोडला. आपल्यात कधी काही टाकत नाहीत, पण तो नाही गेला.

तुझ्यावर मी चिडले होते, ते विसर.

आक्का


पुणे
१६ मार्च १९८७

प्रिय आक्का,

पत्र वाचून आधी इतका राग आला की आबा समोर असते तर काय बोललो असतो कोण जाणे. इतकी वर्षं पहाटे उठून कात्रजचा घाट चढलो, ते कुणाच्या कुचल्यासाठी नाही. मी बैल आहे का? मला एकदा विचारायचं तरी होतं. तो राग दोन दिवस राहिला. आता नुसता थकवा आहे.

महालिंगप्पाची माफी मागितली. अपिलातून त्याचं नाव काढून टाकलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं की लाडवात काहीतरी आहे. तू एक दिला होतास ना, मी चावला आणि खिडकीतून थुंकला. तुझ्या घरचं म्हणून बोललो नाही." हे तो कमिटीपुढं येऊन सांगायला तयार आहे. मी ज्याला चोर ठरवत होतो तोच साक्षीदार निघाला, त्यामुळं त्याच्या तोंडाकडं बघवत नाही.

वकील म्हणतात, केस अवघड आहे. एकच वाट आहे. वडिलांचं डोकं ठिकाणावर नाही, ते काय करतात त्यांना समजत नाही, असा डॉक्टरचा दाखला घ्यायचा आणि त्यांचा अंगठा. भ्रमिष्ट माणसानं केलं म्हटलं की कमिटी बहुतेक सोडून देईल. नोकरी वाचेल. कागद सोबत पाठवतोय. मला पाठवावासा वाटत नव्हता, तरी पाठवतोय.

मच्छू


येडशी
२३ मार्च १९८७

प्रिय मच्छू,

तुझं पत्र मी आबांना वाचून दाखवलं, तो कागदसुद्धा. लपवून अंगठा घेणं मला जमलं नसतं.

ते म्हणाले, "लाव अंगठा. येड्याचं पोरगं पळंल, शान्याचं घरी बसंल. मंग येडा काय वाईट?" आणि खरंच हात पुढं केला. शाई पण होती.

मीच कागद घडी घालून ठेवला. तू माझ्यावर खुशाल रागाव. सालगडी म्हणून ते उभ्या जन्मात कुणापुढं बसले नाहीत, पण बैलाच्या बाबतीत अख्खं बेंबळी त्यांना विचारत होतं. तेवढी एक शहाणपणाची गोष्ट त्यांच्याजवळ आहे. ती मी डॉक्टरकडून खोडून आणायची?

आणि तुला वाटतं तू का विचारलं नाहीस, कडू लागलं तरी का खाल्लंस, हे मला कळत नाही? बहात्तरच्या दुष्काळात आई खडी फोडायला जायची तिथं खायला सुकडी मिळायची. एकदा किडकी, कडू आली. तू थुंकलास. तिनं तुझ्या थोबाडीत मारली आणि नंतर पदरानं तुझं तोंड पुसत म्हणाली, "कडू लागलं तर डोळं झाक बाबा, पर टाकू नगं." ती गेली, पण ते तुझ्या जिभेवर राहिलं. माझ्याही.

आबा स्वतःच पुण्याला येतो म्हणतात. दाजी त्यांना छोट्या गाडीनं कुर्डुवाडीला नेऊन पुण्याच्या गाडीत बसवतील, पुण्याला तू उतरवून घे. आबांनी लाडू वळले आहेत, तेव्हा वळले तसेच, कुचला घालून. साहेबांना दाखवायला. तू त्यातला एकही खाऊ नको. कागद त्यांच्या पिशवीत आहे, अंगठा नाही. ठरव तुझं तू.

आक्का


पुणे
६ एप्रिल १९८७

प्रिय आक्का,

काल सुनावणी झाली. आबा माझ्या खोलीत झोपलेत. महालिंगप्पानं आपली खाट त्यांना दिली.

कमिटीत तिघं होते. मधे एक रिटायर्ड कर्नल, एक डॉक्टर आणि एक सेक्रेटरी. आबा धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून आले होते. खुर्ची दिली तरी आधी बसेनात. मग काठावर बसले. त्यांनी सगळं सरळ सांगितलं, गोमूत्रापासून वस्त्रगाळापर्यंत. डॉक्टर मान हलवत होता, त्याला पटलं की कुचला आबांनीच घातला.

घोडं दुसरीकडंच अडलं. डॉक्टर म्हणाला, हे इतकं कडू असतं की चिमूटभर बादलीत टाकलं तरी कळतं. कुणालाही नकळत खाता येणार नाही. मग महालिंगप्पाला विचारलं. तो बिचारा मदत करायला आला होता, खरं ते बोलला, की मी एक चावला आणि थुंकला. कर्नल माझ्याकडं वळले. "तो थुंकतो आणि तुम्ही डबा संपवता? म्हणजे आत काय आहे ते तुम्हाला माहीत होतं."

मी म्हटलं, घरून आले होते.

"पण कडू होते ना?"

"हो."

"मग टाकले का नाहीत?"

मी सुकडीचं सांगितलं, आईचं सांगितलं. मला ऐकू येत होतं की ते तिथं बरोबर वाटत नाहीये. सेक्रेटरी घड्याळ बघत होता. मी खोटं बोलतोय असं त्यांना वाटलं असतं तर चाललं असतं, पण त्यांना वाटलं मी रडगाणं गातोय.

तेवढ्यात आबांनी पिशवीतून फडकं काढलं आणि सोडून टेबलावर ठेवलं. "चाखून बघा सायेब." डॉक्टरनं हात लावला नाही. कर्नलांनी मात्र तुकडा मोडला, तोंडात घातला आणि लगेच रुमालात थुंकला. अख्खा ग्लास पाणी प्यायले. राहिलेला लाडू त्यांच्या हातातून सुटून टेबलावर फुटला. म्हणाले, "हे कोण माणूस खाईल? लिहून घ्या."

कारकून खाली मान घालून ते लिहीत होता. डॉक्टर कागद चाळत होता. आणि आबा वाकले, टेबलावरचा तो सांडलेला चुरा हातानं गोळा केला आणि तोंडात टाकला. कुणाला दाखवायला नाही. घरी ताटाभोवती सांडलेलं उचलतात तसं, सवयीनं. चावला, गिळला आणि मिशा पुसल्या. तिघांपैकी कुणीही बघितलं नाही. मी बघितलं.

माझा राग तिथंच संपला. अपीलही संपलं, हे मला तेव्हाच कळलं.

शेवटी कर्नल जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या वडिलांची मानसिक अवस्था कशी आहे? त्याबद्दल काही कागद द्यायचा असेल तर आम्ही विचार करू." वकिलांनी टेबलाखालून माझा गुडघा दाबला. कागद आबांच्या पिशवीत होता, शाई बाहेरच्या कारकुनाकडं होती. आबा माझ्याकडं बघत होते आणि अंगठा पुढं करूनच बसले होते.

मी म्हटलं, "माझे वडील शहाणे आहेत."

बाहेर आल्यावर आबांनी फेटा सोडून पुन्हा बांधला. मग म्हणाले, "दिलं म्या आन् लबाड तू ठरलास. बैलाला कुनी इचारलं नव्हतं बाबा कदी. मला काय ठाव, मान्साला इचारत्यात." त्यांना चहा पाजला आणि खोलीवर आणलं. निकाल डाकेनं येणार आहे.

मच्छू


पुणे
३० एप्रिल १९८७

प्रिय आक्का,

अपील नामंजूर. दोन वर्षं कायम. एका ओळीत कारण दिलंय की खेळाडूला पदार्थाच्या चवीवरून कल्पना असलीच पाहिजे.

कंपनीनं काल हिशेब चुकता केला. शर्यतीची सायकल त्यांची होती, ती जमा केली. महालिंगप्पा स्टँडवर सोडायला येणार आहे.

आबांना मी बेंबळीला आल्यावर सांगीन. तू आधी सांगू नको. या वेळी तरी.

मच्छू


येडशी
१४ जुलै १९८७

प्रिय मच्छू,

तू बेंबळीच्या दूध सोसायटीत लागलास आणि गावोगावचे कॅन सायकलवर उस्मानाबादच्या डेअरीला पोचवतोस, हे दाजींकडून कळलं. मोटारसायकलवाल्यांच्या आधी पोचतोस म्हणे. डेअरीतली माणसं दूध तपासतात ना? तपासू देत. त्यांना त्यात पाण्याशिवाय काही सापडायचं नाही.

मनात एक गोष्ट सलते ती लिहून टाकते. मी त्या कागदावर आबांचा अंगठा घेऊन पाठवला असता, तर आज तू पुण्यात असतास. रोज भाकरी थापताना हे आठवतं. तुला तसं वाटत असेल तर सांग, मी ऐकून घेईन.

आबा तुझे पाय चोळतात म्हणे रोज. चोळू दे. दुसरं काही देऊ देऊ नको.

दाजींच्या हाती लाडू पाठवतेय. पाऊस अजून नाही, शेंगा गेल्या सालच्याच आहेत. यावेळी डबा आबांच्या हातात न देता थेट तुझ्या हातात द्यायला सांगितलंय.

आक्का


बेंबळी
२२ जुलै १९८७

प्रिय आक्का,

डबा मिळाला. उघडून आधी लाडवांवरचे तुझ्या बोटांचे ठसे बघितले, मगच एक तोंडात टाकला.

कागदाचं मनातून काढून टाक. अंगठा मागायची वेळ शेवटी माझ्यावर आली होती, मीही नाही मागितला. आपण दोघांनी मिळून घालवलंय, एकट्या तू नाही.

आबा संध्याकाळी पायांना तेल लावतात, पोटऱ्या दाबून बघतात आणि म्हणतात, "अजून दम हाय." दोन वर्षांनी मी सत्तावीस वर्षांचा असेन. बघू. काल त्यांनी विचारलं, त्या सायबाच्या हातनं सांडलेलं तू का उचललं नाहीस रे? मी म्हटलं, तुम्ही उचललं होतं ना. तर म्हणाले, "कदी?" त्यांना आठवतच नाही.

लाडू चांगले झालेत. काल एक कडू निघाला. आबांनी शपथ घेतली की त्यांनी डब्याला हात लावलेला नाही, आणि ते खरं आहे, डबा मीच कुलपात ठेवतो. एखादा शेंगदाणा खवट असणार.

खाल्ला.

तुझा
मच्छू